घर एक, दप्तरं पाच

रोडपाली, आसूडगाव, नावडे किंवा खिडुकपाडा यांतलं कुठलंही जुनं घर घ्या. तलाठ्याच्या दप्तरात ते घर म्हणून कुठेच नाही. तिथे आहे जमिनीचा सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये त्याला मिळकत क्रमांक होता, कारण तिथे घरपट्टी बसायची. गावठाणाची मोजणी झालेली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात त्याची मिळकत पत्रिका निघते, तिच्यावर तिसराच नंबर. सिडकोच्या नकाशात त्याच जागेवरून एखाद्या सेक्टरची हद्द गेलेली असते. आणि वीज कंपनीच्या बिलावर पाचवा आकडा. घर एक, दप्तरं पाच, आणि एका दप्तराची दुसऱ्याशी बोलचाल नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती नव्हती आणि त्यावाचून कुणाचं फारसं अडतही नव्हतं.

अडायला लागलं ते १ ऑक्टोबर २०१६ पासून. त्या दिवशी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातली पहिली, राज्यातली सत्ताविसावी. जुनी पनवेल नगरपालिका, सिडकोने वसवलेल्या नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे या वसाहती आणि आसपासची २९ गावं एका अधिसूचनेने एकत्र आली. क्षेत्र सुमारे ११० चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेप्रमाणे माणसं पाच लाखांवर. कागदावर हे एकत्रीकरण एका दिवसात उरकलं. दप्तरांचं एकत्रीकरण मात्र त्यानंतर कित्येक वर्षं चाललं, आणि त्याच काळात तालुक्यातल्या सातबाऱ्यांचंही असंच एक मोठं काम सुरू होतं. या दोन कामांची ही हकीकत आहे. सरकारी अहवालांत ती संगणकाची गोष्ट म्हणून येते. मला ती कारकुनांची आणि तलाठ्यांची गोष्ट वाटते.

आधी गावाविषयी. वडाळे तळ्याकाठचं हे जुनं पनवेल खाडीवरच्या व्यापाराचं गाव. मीठ, भात, बैलगाडीची चाकं यांचा बाजार, घाटावर जाणाऱ्या रस्त्याचं तोंड. इथली नगरपालिका १८५२ ची, आणि राज्यातली पहिली नगरपालिका आमचीच, हे सांगताना पनवेलकराची मान आजही जरा ताठ होते. गावाचं स्वतःचं देहरंग धरण आहे. म्हणजे पाणीपट्टी, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद असला संसार सांभाळायची सवय या गावाला दीडशे वर्षांहून जुनी.

तालुक्याच्या गावांचा संसार वेगळ्या वहीत होता. महसुलाच्या भाषेत नमुना सात म्हणजे हक्क आणि नमुना बारा म्हणजे पीक. दोन्ही एका कागदावर आले की सातबारा. मालकी बदलली की आधी नमुना सहाच्या वहीत, म्हणजे फेरफारात, नोंद होते आणि मग ती सातबाऱ्यावर चढते. हक्कनोंदणीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. अँडरसन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाची जी नियमपुस्तिका पुढे बांधून दिली, तिच्याच चौकटीत तलाठी आजही काम करतो. कुलकर्णी वतन स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेलं, पगारी तलाठ्याचा अंमल सुरू झाला. वही तीच राहिली.

कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात या वहीतल्या एका ओळीला जे वजन होतं ते घाटावरच्या माणसाला चटकन कळणार नाही. इथे खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांचा अंमल. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी न कसता संप केला, तो खोतांविरुद्ध. १९४८ चा कुळकायदा आला, खोती गेली, आणि मग प्रश्न उरला तो एवढाच: वहीत कुळ म्हणून तुमचं नाव लागलंय का? लागलं तर जमीन तुमची. नाही लागलं तर मामलेदार कचेरीच्या पायऱ्या. ‘इतर हक्क’ या सदरातली पेन्सिलीने केलेली नोंदसुद्धा या जिल्ह्यात लोकांनी जपून ठेवलेली आहे.

मग १९७० साली सिडको आली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन ठरली. संपादन झालं, मोबदला अगदीच तुटपुंजा होता, आणि १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसं मारली गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याने पुढे साडेबारा टक्के योजना मिळवली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. पण मूळ मालक कोण, हे पुन्हा कागदानेच ठरायचं. संपादनाच्या वेळचा सातबारा, निवाड्याची प्रत, मग वारसांचा दाखला. पनवेलचं मेट्रो सेंटर, म्हणजे भूसंपादनाची कचेरी, हे नाव इथल्या शेकडो घरांत नातेवाइकासारखं उच्चारलं जातं. आजोबांची जमीन गेली, बापाने अर्ज केला, नातू हेलपाटे घालतोय, असं चित्र. जमीन केव्हाच डांबराखाली गेली तरी तिचा सातबारा मेला नव्हता.

अशा तालुक्यात संगणक यायचा होता.

देशात जमिनीच्या नोंदी संगणकावर घ्यायचा पहिला प्रयोग १९८८-८९ मध्ये आठ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला वर्धा आलं. त्याच सुमारास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे सगळे ज्याला एनआयसी म्हणतात त्याने, देशभरच्या जिल्हाधिकारी कचेऱ्या उपग्रहाच्या जाळ्याने दिल्लीला जोडल्या. जिल्हा दिल्लीला जोडला गेला, तालुका जिल्ह्याला नाही. आणि शेजारच्या टेबलाला तर कुणीच नाही.

नव्वदच्या दशकात आणि नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात प्रयोगांचा नुसता पाऊस पडला. १९९८ मध्ये वारणेच्या खोऱ्यातली सत्तर गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प निघाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह अशी तिघांची भागी होती. सरकारच्या मनात होतं की शेतकऱ्याने तिथे सातबारा बघावा, बाजारभाव बघावा. शेतकऱ्याने बघितलं ते आपल्या उसाचं वजन किती भरलं ते. काही वर्षांनी अभ्यासकांनी तिथे संगणकाच्या जागी मोबाइलवरून निरोप पाठवून पाहिले, तेव्हा तेच काम कमी खर्चात झालं. या प्रयोगाला लोक फसलेला म्हणतात. मला तो सगळ्यांत बोलका वाटतो: ज्या नोंदीची गरज रोज पडते, आणि जी नोंद करणारा व वाचणारा एकाच कारखान्याचे असतात, तीच नोंद टिकली.

शहरांकडे पाहिलं तर २००२ च्या सुमारास कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र उभारून पट्ट्या, दाखले, परवाने एका खिडकीवर आणले आणि पुढे सरकारने तोच नमुना राज्यातल्या इतर पालिकांपुढे ठेवला. नोंदणी आणि मुद्रांक विभागाने त्याच काळात दस्तनोंदणीसाठी ‘सरिता’ ही प्रणाली आणली. तहसील कचेऱ्यांच्या आवारात ‘सेतू’ केंद्रं आली. प्रत्येक खात्याने आपापलं घर सजवलं, मधल्या भिंती तशाच ठेवल्या.

या भिंती किती जाड होत्या हे अक्षरांवरून कळायचं. त्या काळात मराठी टंकलेखनाला एक अशी सर्वमान्य सोय नव्हती. पुण्याच्या सी-डॅकची एक व्यवस्था, श्रीलिपी ही दुसरी, कृतीदेव तिसरी. प्रत्येकीचा कळफलक वेगळा आणि आतला संकेतही वेगळा. एका कचेरीत टंकलेलं ‘पाटील’ दुसऱ्या कचेरीच्या संगणकावर उघडलं की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मग काय, छापून आणायचं आणि पुन्हा टंकायचं. पुन्हा टंकताना ‘पाटील’चा ‘पाटिल’ व्हायचा, आणि संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. यूनिकोड रुळायला दशकभर लागलं. खात्याखात्यांतल्या सहकार्याच्या इतिहासात या कंटाळवाण्या तपशिलाला कुणी स्वतंत्र प्रकरण देत नाही; द्यायला हवं.

दरम्यान तालुक्यातालुक्यांत सातबाऱ्यांची टंकनोंद सुरू होती. बरंचसं काम बाहेरच्या माणसांकडून करून घेतलेलं. त्यांना ना गाव माहीत, ना गावातली आडनावं. पनवेल तालुक्यात तळोजे मजकूर आणि तळोजे पाचनंद ही दोन निराळी महसुली गावं आहेत. बाहेरच्याला ती एकच वाटणार. काम संपलं, आकडे वर कळवले गेले. हाताचा सातबारा आणि संगणकाचा सातबारा शेजारी ठेवून पाहायला मात्र कुणाला वेळ नव्हता. लोक दोन्ही घेऊन ठेवायचे. बँकेत एक चालायचा, कोर्टात दुसरा.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर चढली. माणसं गेली, मुख्यमंत्र्यांचं दालन जळलं आणि अनेक खात्यांच्या फायलींची राख झाली. कागद किती नाजूक असतो हे त्या दुपारी अख्ख्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिलं. ई-ऑफिसच्या घोषणेला त्यानंतर जोर आला. पण सातबाऱ्याचं घोडं अडलेलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि तिथे हात घातला तो ई-फेरफार प्रकल्पाने.

ई-फेरफाराची कल्पना सांगायला अगदी साधी आहे. तुम्ही पनवेलच्या दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं. पूर्वी त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, कधीतरी तहसील कचेरीत जायची, तिथून कधीतरी तलाठ्याकडे, आणि बहुतेक वेळा खरेदीदारच ती हातात घेऊन सज्यावर उभा राहायचा. या ‘कधीतरी’त किती जमिनी दोनदा विकल्या गेल्या त्याच्या कहाण्या पनवेलमध्ये पैशाला पासरी आहेत. आता दस्त नोंदला की त्याची खबर थेट तलाठ्याच्या संगणकावर जाणार. तलाठी नमुना नऊची नोटीस काढणार, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहणार, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. महसूल, नोंदणी आणि भूमी अभिलेख ही तीन खाती एका साखळीत. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयाने ही साखळी जोडायला घेतली आणि पहिल्याच कडीला कळलं की संगणकातला सातबारा विश्वास ठेवण्याजोगा नाही. चुकीच्या सातबाऱ्यावर बरोबर फेरफार चढवला तर चूक फक्त पक्की होते.

चुका कसल्या? नावाच्या होत्या, वारस गळल्याच्या होत्या, बँकेचा बोजा उतरलेला असून तसाच राहिल्याच्या होत्या. सगळ्यांत अवघड क्षेत्राच्या. समजा हाताच्या सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलंय ०-१२-५. हेक्टर, आर, प्रती. शेवटचा पाच म्हणजे पाच चौरस मीटर, की ५० लिहिताना शून्य राहून गेलं? जुन्या तलाठ्याला हे माहीत असायचं, कारण त्याने बांध पाहिलेला असायचा. टंकणाऱ्याने त्याला जे वाटलं ते टंकलं. फरक ४५ चौरस मीटरचा. विदर्भातल्या कोरडवाहू रानात त्याने फारसं बिघडणार नाही. खारघरच्या शेजारी ४५ चौरस मीटर म्हणजे एका कुटुंबाचं राहतं घर, आणि दोन भावांमधला कायमचा अबोला. हिश्शांची बेरीज मूळ सर्व्हे नंबरच्या आकारबंदाशी, म्हणजे मोजणीतल्या क्षेत्राशी, जुळली नाही की प्रणाली तिथेच अडकायची आणि पुढे जाऊच द्यायची नाही. संगणकाचा हा हट्ट तलाठ्यांना जाचक वाटला, आणि तो सगळ्यांत उपयोगाचाही ठरला.

हे निस्तरायला जे शोधून काढलं गेलं ते यंत्रापेक्षा फार जुनं होतं. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्याने संगणकातून काढलेले सातबारे घेऊन गावात बसायचं, ते मोठ्याने वाचायचे, खातेदारांनी ऐकायचं आणि चूक असेल तिथे बोलायचं. सर्व्हे नंबर, हिस्सा, नाव, क्षेत्र, इतर हक्क. पुढचा. पुन्हा सर्व्हे नंबर, हिस्सा, नाव. गाव मोठं असेल तर हे काम दिवसभरात आटोपणारं नव्हतं. ज्यांनी अशी वाचनं ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे की तिथे नुसती आकडेवारी दुरुस्त होत नाही. ‘अहो, ती आत्या वारली दहा वर्षांपूर्वी’, ‘हा बांधाचा वाद मिटलाय, तुम्ही कशाला उकरता’, ‘माझं नाव कुठाय?’ असं सगळं निघतं. शेवटचा प्रश्न बहुतेक बाईचा असतो, आणि त्यावर भाऊ गप्प बसतात.

गंमत अशी की पनवेल तालुक्यात त्याच मोसमात दुसरी यादीही वाचली जात होती. २४ मे २०१७ ला महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली. ७८ जागा, वीस प्रभाग. भाजपला ५१ जागा मिळाल्या आणि या तालुक्यावर अनेक दशकं पकड असलेल्या शेतकरी कामगार पक्षाला २३. जुलैत डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. म्हणजे शहरात मतदारयाद्या तपासल्या जात होत्या आणि शहराबाहेर राहिलेल्या गावांत सातबारे. दोन्हीकडे लोकांची तक्रार एकच: नाव चुकलंय.

चावडीवर पकडलेल्या चुका तोंडी दुरुस्त होत नाहीत. लेखनप्रमादाची दुरुस्ती जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशानेच होते. त्यामुळे तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसील कचेरीतला प्रणालीचा कारभार पाहणारा नायब तहसीलदार, या तिघांना महिनोन्‌महिने एकमेकांसमोर बसावं लागलं. सर्व्हरची गती दिवसा इतकी मंद असायची की तलाठी रात्री जागून काम करायचे. लॅपटॉप आणि जोडणीचा खर्च खिशातून होतो म्हणून त्यांच्या संघटनांनी आंदोलनंही केली. राज्यभरात सातबारे अडीच कोटींच्या घरात. १ मे २०१८ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते डिजिटल सही असलेला सातबारा लोकांना खुला झाला. आज पंधरा रुपयांत तो घरबसल्या निघतो आणि कुठल्याही कचेरीत चालतो. जाहिरातीत त्या पंधरा रुपयांचा उल्लेख असतो, रात्रपाळीचा नसतो.

आता पुन्हा महापालिकेकडे.

नवी मुंबईच्या ठाणे बाजूच्या वसाहतींना १९९२ मध्येच महापालिका मिळाली होती. पनवेल बाजूच्या वसाहती त्यानंतर चोवीस वर्षं सिडकोकडेच राहिल्या. खारघरमध्ये लाखाची वस्ती झाली तरी गटार तुंबलं तर जाब विचारायला निवडून दिलेला नगरसेवक नव्हता, सिडकोचा अभियंता होता. सिडको ही कंपनी. तिच्या दप्तरात नागरिक नसतो, भाडेपट्टेदार असतो. साठ वर्षांचा करार, हस्तांतरण शुल्क, सेवा शुल्क, सेक्टर, भूखंड, इमारत, सदनिका. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराच्या भिंती, छप्पर आणि मालकाचं नाव. जुन्या नगरपालिकेच्या रजिस्टरात घराचं करयोग्य मूल्य. तीन दप्तरं, आणि तिन्हींत ‘मालमत्ता’ या शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या. असली तीन रजिस्टरं एका संगणकात ओतणं म्हणजे वाण्याची, डॉक्टरची आणि पतपेढीची वही एकत्र शिवून तिला कुटुंबाचा हिशेब म्हणणं.

महापालिकेने मग शहाणपणाचा पण खर्चिक मार्ग धरला: पुन्हा मोजायचं. मालमत्तांचं नव्याने सर्वेक्षण झालं. घरोघर जाऊन मोजमाप, छायाचित्र, नवा क्रमांक. मालमत्ता निघाल्या तीन लाखांहून अधिक. हे व्हायला काही वर्षं गेली, मध्ये करोना आला, आणि २०२१ मध्ये वसाहतींतल्या लोकांच्या हातात जेव्हा पहिली बिलं पडली तेव्हा ती ऑक्टोबर २०१६ पासूनची होती.

इथे भडका उडाला. खारघर, कामोठे, कळंबोलीचे रहिवासी म्हणाले, या सगळ्या वर्षांत रस्ते, पाणी, दिवे सिडकोचे होते, आम्ही सिडकोला सेवा शुल्क भरलं, मग तेवढ्याच वर्षांची घरपट्टी महापालिकेला कशाची? महापालिका म्हणाली, कर लागू झाला तो पालिका झाली त्या दिवशी. बिल उशिरा आलं म्हणून देणं सरत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मोर्चे निघाले, निवडणुकांच्या सभांत गाजलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी कायदा सांगितला. मला विचाराल तर या भांडणाचं मूळ कायद्यात कमी आणि दप्तरात जास्त आहे. २०१६ च्या ऑक्टोबरातच सिडकोची सदनिकांची यादी, सेवा शुल्काच्या पावत्यांसकट, महापालिकेच्या हाती आली असती आणि पालिकेने ती वापरायची असं दोघांनी मिळून ठरवलं असतं, तर पहिलं बिल २०१७ च्या मार्चमध्ये गेलं असतं. लहानसं असतं, लोकांनी कुरकुर करत भरलं असतं. एकाच सरकारच्या दोन संस्थांनी एकमेकींना यादी वेळेवर दिली नाही, की त्याची किंमत व्याजासकट तिसऱ्याने भरायची असते.

सिडकोकडून सेवा हस्तांतरित होण्याचंही तेच झालं. कचरा आधी, रस्ते-उद्यानं मागून, टप्प्याटप्प्याने. मधल्या काळात नागरिकाला अर्ज कुठे द्यायचा हे कळायला आधी एक फेरी मारावी लागायची. ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांना पालिकेत सामावून घेण्याचा प्रश्न बराच रेंगाळला. यातला एक तोटा कुणी मोजला नाही. नमुना ८ मधल्या एखाद्या नोंदीचा अर्थ सांगू शकेल असा माणूस म्हणजे ती नोंद करणारा ग्रामपंचायतीचा लिपिक. तोच आपली नोकरी राहते की जाते या चिंतेत होता. त्याच्याकडून वही घेतली गेली. वहीत न लिहिलेलं त्याच्या डोक्यातच राहिलं.

वरवर पाहता या वर्षांत बरंच सुधारलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा आला, त्याच वर्षी ‘आपले सरकार’ हे पोर्टल सुरू झालं. जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, नावनोंदणी यांना मुदत आली. मुदत टळली तर अपील करता येतं. पनवेलच्या तहसील आवारातले टंकलेखक आणि मुद्रांक विक्रेते गेले नाहीत, त्यांनी टपरीत संगणक आणला. लोकही त्यांच्याकडेच जातात, कारण अर्ज कुठला भरायचा हे त्यांना ठाऊक असतं. पाच दप्तरं तोंडपाठ असलेला या तालुक्यातला एकमेव जाणकार म्हणजे हा टपरीवाला.

आणि मग गरजेपोटी बांधलेली घरं. हा शब्द शासन निर्णयांतही आहे आणि चहाच्या टपरीवरही. सिडकोने शेतजमीन घेतली, गावठाण मात्र जुन्या हद्दीतच राहिलं. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, घरं गावठाणाबाहेर सरकली. ती जमीन सातबाऱ्यावर सिडकोची. घराची घरपट्टी ग्रामपंचायतीत रीतसर भरलेली, वीज मीटर कायदेशीर, मतदारयादीत नाव पक्कं. एका दप्तरात अतिक्रमण, दुसऱ्यात करदाता. ही घरं नियमित करण्याचा मोठा शासन निर्णय २०२२ च्या फेब्रुवारीत निघाला, पुढे त्यात बदल झाले. अंमलबजावणीला कोणतं घर केव्हाचं हे ठरवायला पुरावा हवा, आणि पुरावा म्हणून पुन्हा नमुना ८ च्या जुन्या वह्या. ज्या वह्यांना नव्या सर्वेक्षणाने बाजूला सारलं होतं त्यांना पुन्हा मान आला.

असाच मान आणखी एका जुन्या कागदाला २०२३ मध्ये आला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरती, मग सगळ्या राज्यासाठी. तहसील, भूमी अभिलेख, पालिका, शाळा, कारागृह अशा साऱ्या कचेऱ्यांना जुनी दप्तरं धुंडाळायला सांगितलं गेलं. पस्तीस वर्षांत जे काही संगणकावर चढलं होतं त्यात या नोंदी नव्हत्या, कारण त्यांतल्या कित्येक हक्कनोंदणीच्या कायद्याहूनही जुन्या होत्या आणि पुष्कळशा मोडीत होत्या. मोडी वाचणारे शोधावे लागले. मानधनावर आणलेले निवृत्त शिक्षक आणि मोडी शिकलेली तरुण मुलं कारकुनांच्या शेजारी बसली. एक वाचतो, दुसरा देवनागरीत लिहून घेतो, तिसरा पान स्कॅनरखाली ठेवतो. मिळालेल्या नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या, गावाच्या नावापुढे पानाची प्रतिमा अशा याद्या करून. त्यांत आपलं गाव शोधणाऱ्याला पहिली अडचण येते ती गावाचं नाव कसं लिहिलंय ही, आणि तो उठून तलाठ्याकडे जातो.